टी-पेशी हजर, पण फ्लाइट मोडवर: ओव्हेरियन कॅन्सर आणि इम्युनोथेरपीची खरी बातमी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, पण तिघा विजेत्यांपैकी एकाचा पत्ताच लागेना. अमेरिकेतले फ्रेड रॅम्सडेल बायकोसोबत डोंगरात भटकंतीला गेले होते आणि त्यांचा फोन फ्लाइट मोडवर होता. पुढे रेंज आल्यावर बायकोच्या फोनवर मेसेजचा पाऊस पडला, ती जोरात ओरडली, आणि यांना वाटलं अस्वल आलं!

हा किस्सा सगळ्यांनी शेअर केला. मीही केला. पण त्याच आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर दुसराच मेसेज फिरू लागला: ‘नोबेल मिळालं! आता इम्युनिटी वाढवून कुठलाही कॅन्सर बरा होणार.’ खाली जोडलेले हात आणि दोन फुलं. रात्री साताऱ्याच्या मावशीची व्हॉइस नोट आली. ‘बाळा, ते इम्युनिटीचं औषध आलंय म्हणे. माझ्या कामाचं आहे का रे ते? तू बघ जरा, तुला त्यातलं कळतं.’

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फोन, अ‍ॅप, चिप यांवर लिहितो. पण घरातलं वाय-फाय बंद पडलं की जसा मला फोन येतो, तसाच हाही आला होता.

मावशीला २०२३ मध्ये अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परत आले. २०२४ मध्ये आजार उलटला, पुन्हा केमो. ती जुलै २०२५ मध्ये संपली आणि ऑक्टोबरमध्ये रक्तातला सीए-१२५ हा आकडा परत चढला. म्हणजे तिचा प्रश्न गंमत म्हणून विचारलेला नव्हता.

मग मी दोन आठवडे वाचत बसलो आणि तिच्या डॉक्टरांनाही भेटलो. जे समजलं ते इथे सांगतोय, कारण तसलाच फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असणार.

एका वाक्यात सांगायचं तर, ‘इम्युनिटी किती आहे’ हा इथे प्रश्नच नाही. पेशी नेमक्या कुठे आहेत, कुठल्या जातीच्या आहेत आणि त्यांना काम करू दिलं जातंय का, हा प्रश्न आहे.

आधी हा आजार समजून घेऊ

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ४७ हजार बायकांना अंडाशयाचा कॅन्सर होतो आणि सुमारे ३३ हजार जणी त्याने दगावतात. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ का, तर तो बहुतेकदा उशिरा सापडतो. पोट फुगल्यासारखं वाटणं, थोडं खाल्लं की पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी लागणं. ही लक्षणं आपल्याकडे अ‍ॅसिडिटीच्या गोळीवर काढली जातात. मावशीनेही चार महिने तेच केलं होतं.

सगळ्या बायकांची सरसकट तपासणी करून तो आधी पकडता येईल का, हे ब्रिटनमध्ये २ लाखांहून जास्त महिलांवर तपासून पाहिलं गेलं. २०२१ मध्ये निकाल आला: रक्तचाचणी आणि सोनोग्राफीच्या अशा तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत.

यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार बऱ्याचदा अंडाशयात नाही, तर शेजारच्या बीजवाहिनीत सुरू होतो. तिथून पेशी सुटतात आणि पोटाच्या पोकळीत पसरतात. आतड्यांवर, पोटातल्या चरबीच्या पडद्यावर, कुठेही रुजतात. पोटात पाणी साठतं. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी असतात आणि आपल्या प्रतिकारयंत्रणेच्याही पेशी असतात. दोघे एकाच पाण्यात!

म्हणजे शरीराला काही कळलंच नाही, असं नसतं. शरीराने माणसं पाठवलेली असतात. मग काम का होत नाही?

२००३: गेटवर उभं राहणं वेगळं, घरात शिरणं वेगळं

इथे टी-पेशींची ओळख करून घेऊ. या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. आपली प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे बाहेर दाखवत असते, ऑफिसात गळ्यात आयकार्ड लटकवतो तसं. टी-पेशी ते कार्ड तपासते. कार्डावर भलतंच काही दिसलं, म्हणजे विषाणूचा किंवा बिघडलेल्या जनुकाचा तुकडा, तर ती त्या पेशीला मारते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्ज कूकोस यांच्या गटाने अंडाशयाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे १८६ नमुने तपासले. प्रश्न साधा होता: गाठीच्या आत, कॅन्सर पेशींच्या अगदी मध्ये, टी-पेशी आहेत का? १०२ नमुन्यांत होत्या.

मग या बायकांचं पुढे काय झालं ते पाहिलं. ज्यांच्या गाठीत टी-पेशी होत्या, त्यांतल्या ३८ टक्के जणी ५ वर्षांनी जिवंत होत्या. ज्यांच्या गाठीत नव्हत्या, त्यांतल्या ४.५ टक्के.

हा अभ्यास जानेवारी २००३ मध्ये छापून आला आणि या क्षेत्राचं लक्षच वळलं. तोवर पाहिलं जायचं ते मुख्यतः कॅन्सर किती पसरला, ऑपरेशनमध्ये किती निघाला, केमोला किती दबला. आता कळलं की रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आत शिरल्या आहेत की नाहीत, याचाही आयुष्याशी संबंध आहे.

‘संबंध’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. टी-पेशी होत्या म्हणूनच त्या बायका जगल्या, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण डॉक्टरांना दिशा मिळाली. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: मोजल्या त्या गाठीच्या आत शिरलेल्या पेशी. रक्तात किती पेशी आहेत हा हिशोब नव्हता. आपण ज्याला ‘इम्युनिटी वाढली’ म्हणतो ती बाटलीवरची गोष्ट वेगळी, आणि ही वेगळी.

मग नोबेल कशाचं मिळालं?

फॉरवर्डवाल्यांनी सगळ्यात मोठा घोळ इथे घातला. २०२५ चं नोबेल इम्युनिटी वाढवण्यासाठी मिळालेलंच नाही. जवळपास उलट आहे.

मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची यांनी प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशींचं कोडं सोडवलं. साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं की टी-पेशींमध्येच एक वेगळा गट असतो, जो बाकीच्यांना ‘बस कर आता’ म्हणतो. त्यांना रेग्युलेटरी टी-पेशी म्हणतात, थोडक्यात टी-रेग. ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी-३ हे जनुक शोधलं. ते बिघडलं की शरीर स्वतःवरच हल्ला करतं. पुढे साकागुची यांनी जोडून दाखवलं की हेच जनुक टी-रेग घडवतं.

टी-रेग नसतील तर आपली प्रतिकारयंत्रणा आपलीच आतडी, कातडी, स्वादुपिंड पोखरेल. म्हणजे त्या चांगल्याच आहेत. पण कॅन्सरला त्यांचा वापर करून घेता येतो.

आणि हे ठळकपणे दिसलं ते अंडाशयाच्याच कॅन्सरमध्ये. २००४ मध्ये १०४ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की गाठीतल्या कॅन्सर पेशी आणि तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी सीसीएल-२२ हा रासायनिक निरोप सोडतात. तो निरोप मिळून टी-रेग तिथे गोळा होतात आणि हल्ला करायला आलेल्या टी-पेशींना थंड करतात. ज्यांच्या गाठीत टी-रेग जास्त, त्यांचं आयुष्य कमी.

म्हणजे गल्लीत गुंड शिरलेत, पोलीसही आलेत, पण गुंडांनी शांतता समितीच्या लोकांना फोन करून बोलावून घेतलंय. ते पोलिसांना म्हणतायत, ‘साहेब, काही नाही, घरगुती मामला आहे.’

आता सांगा, इथे ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणजे नेमकं काय वाढवायचं? पोलीस की शांतता समिती? दोन्ही इम्युनिटीच आहे. एकच बटण फिरवून सगळं वाढवायची सोय शरीरात नाही.

फ्लाइट मोड आणि तो काढणारं औषध

टी-पेशीवर पीडी-१ नावाचं एक बटण असतं. समोरच्या पेशीवर पीडी-एल-१ हे प्रथिन असेल आणि ते या बटणाला जाऊन लागलं, की टी-पेशी मंदावते. फोन चालू, बॅटरी आहे, स्क्रीनही दिसतेय, पण फ्लाइट मोडवर. कॉल जात नाही. ही सोयही मुळात चांगल्यासाठीच आहे, म्हणजे हल्ला गरजेपेक्षा जास्त चालू नये म्हणून. कॅन्सर तीच वापरतो.

पीडी-१ रोखणारी औषधं हे बटण झाकून ठेवतात. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही त्यांतली दोन मोठी नावं. २०१४ मध्ये अमेरिकेत ती मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी मंजूर झाली, नंतर फुप्फुस आणि इतर ठिकाणच्या कॅन्सरसाठी. यामागच्या मूळ शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा ही दोन नोबेलं एकत्र कालवली.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ही औषधं जोरात चालतील असं सगळ्यांना वाटलं. २००३ चा अभ्यास होताच ना! टी-पेशी आत आहेत, बटण झाकलं की झालं.

झालं नाही.

आजार उलटलेल्या ३७६ रुग्णांना नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब देऊन पाहिलं. गाठ ठळकपणे आकसली ती शंभरात ८ जणींची. दुसरं असंच औषध, अ‍ॅव्हेलुमॅब, पहिल्याच केमोसोबत दिलं. फायद्याची चिन्हं दिसेनात म्हणून २०१८ च्या शेवटी ती चाचणी थांबवावी लागली. तिसरं, अ‍ॅटेझोलिझुमॅब, १,३०१ रुग्णांच्या चाचणीत केमो आणि बेव्हासिझुमॅब यांच्यासोबत दिलं. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ १८.४ महिन्यांवरून १९.५ महिने झाला. इतका किरकोळ फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून चाचणी अपयशी ठरली.

हे वाचताना मला मावशीचा चेहरा दिसत होता. दहा वर्षं जगभर इम्युनोथेरपीच्या बातम्या येत होत्या, आणि या एका आजारात दार वाजवून वाजवून लोक परत जात होते.

एकाच पोटात दोन वेगळी चित्रं

असं का व्हावं? याचं उत्तर शोधायला तंत्रज्ञानच कामी आलं. हा माझ्या आवडीचा भाग आहे.

२०१७ मध्ये एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त एक बाई! तिच्या शरीरात अंडाशयाच्या कॅन्सरच्या अनेक गाठी होत्या. काही आकसत होत्या, काही वाढत होत्या. माणूस एक, आजार एक. संशोधकांनी गाठी वेगवेगळ्या तपासल्या. आकसणाऱ्या गाठींत टी-पेशी शिरलेल्या होत्या. वाढणाऱ्या गाठींतून त्या बाहेर ठेवल्या गेल्या होत्या.

आता विचार करा, या बाईची ‘इम्युनिटी’ चांगली होती की वाईट? हा प्रश्नच विचारता येत नाही.

पुढे एकेका पेशीची वेगळी वाचणी करणारं तंत्र आलं. आधी अख्खा तुकडा वाटून त्याची सरासरी काढायचे, म्हणजे फळांचा ज्यूस करून ‘यात आंबा किती’ असं विचारायचं. आता प्रत्येक फोड वेगळी उचलून पाहता येते: या पेशीत कुठली जनुकं चालू, कुठली बंद, ती ताजी आहे की दमलेली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये उपचार सुरू होण्याआधीच्या ४२ रुग्णांच्या शरीरातल्या १६० जागांचे नमुने असे वाचले.

दोन गोष्टी दिसल्या. पहिली, टी-पेशींची अवस्था जागेनुसार बदलते. अंडाशयाजवळच्या गाठीत त्या लढून थकलेल्या असतात, पोटातल्या पाण्यात वेगळ्या असतात. दुसरी, कॅन्सरच्या जनुकांत बिघाड कुठल्या पद्धतीचा आहे त्यावर हे ठरतं. बीआरसीए-१ सारखा डीएनए-दुरुस्तीचा दोष असलेल्या गाठींत हल्ल्याच्या खुणा जास्त दिसतात. काही दुसऱ्या प्रकारांत टी-पेशींना आत घेतलंच जात नाही.

आता मागचं अपयश समजतं. पीडी-१ वरचं औषध म्हणजे फ्लाइट मोड काढणं. पण फोन घरातच नसेल तर? बॅटरी पार मेलेली असेल तर? शेजारी टी-रेगचा जॅमर लावलेला असेल तर? एका बटणाने हे सगळं सुटत नाही.

बर्लिनहून आलेली बातमी

नोबेलनंतर दोनच आठवड्यांत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, बर्लिनला युरोपातल्या कॅन्सरतज्ज्ञांची मोठी परिषद झाली. तिथे ‘कीनोट-बी९६’ या चाचणीचे निकाल मांडले गेले. ही बातमी आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीच टाकली नाही. मावशीच्या कामाची खरी बातमी तीच होती.

या चाचणीत ६४३ रुग्ण होत्या. सगळ्यांचा आजार प्लॅटिनमच्या केमोला दाद देईनासा झालेला, म्हणजे प्लॅटिनमचा शेवटचा डोस संपल्यावर सहा महिन्यांच्या आत उलटलेला. मावशी याच गटात बसते. सगळ्यांना दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल ही केमो दिली. गरजेनुसार बेव्हासिझुमॅबही दिलं, जे गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं. त्यावर अर्ध्या जणींना पेम्ब्रोलिझुमॅब आणि अर्ध्या जणींना औषध नसलेलं सलाइन. कोणाला काय मिळतंय ते ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला.

ज्यांच्या गाठीत पीडी-एल-१ ची खूण होती, म्हणजे सीपीएस हा आकडा १ किंवा त्याहून जास्त होता, अशा जणी दहात साधारण सात होत्या. त्यांच्यात मध्यम आयुर्मान १४ महिन्यांवरून १८.२ महिन्यांवर गेलं. मृत्यूचा धोका सुमारे २४ टक्क्यांनी कमी.

चार महिने. फॉरवर्ड करण्याइतका हा आकडा भारी दिसत नाही, मला मान्य आहे. पण या टप्प्यातल्या आजारात पीडी-१ रोखणाऱ्या औषधाने आयुष्य वाढल्याचं एवढ्या मोठ्या चाचणीत दिसलं, ते आधीच्या इतक्या अपयशांनंतर.

‘मध्यम’ म्हणजे काय तेही समजून घ्या. निम्म्या जणी त्याहून कमी जगल्या, निम्म्या त्याहून जास्त. तो कोणा एकीला दिलेला वायदा नाही, ना चांगला, ना वाईट. आणि फ्लाइट मोड काढण्याची किंमत असते. आवर सुटलेल्या टी-पेशी थायरॉइड, आतडी, यकृत, फुप्फुस यांवरही हात टाकू शकतात. या चाचणीतही तीव्र दुष्परिणाम औषधाच्या गटात जास्त दिसले.

आपल्याकडे काय?

पेम्ब्रोलिझुमॅब भारतात मिळतं, पण संपूर्ण कोर्स लाखांच्या घरात जातो. चाचणीत ते दर सहा आठवड्यांनी ४०० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त साधारण दोन वर्षं, असं होतं. आपल्यातल्या बहुतेक घरांत हा प्रश्न वैद्यकीय राहत नाही. तो शेत, एफडी आणि कर्ज यांचा होतो.

इथे मुंबईचं एक काम सांगायला हवं. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब अगदी कमी प्रमाणात, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या केमोसोबत देऊन पाहिलं. ही मात्रा प्रचलित मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के झालं. पण हे तोंड-घशाच्या कॅन्सरमधलं आहे. ‘मग मावशीलाही कमी डोस देऊ’ असं आपण घरी बसून ठरवू शकत नाही. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ते तसं चाचणीत दिसावं लागेल. तरी मार्ग आहे, आणि तो आपल्याच डॉक्टरांनी शोधला, हे कळल्यावर बरं वाटलं.

दुसरं नाव तुम्ही ऐकलं असेल: नेक्सकार-१९. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेली, रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांना नवा सेन्सर बसवून परत देण्याची पद्धत. २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. पण ती काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. रक्तातली पेशी गाठणं सोपं. घट्ट गाठीत शिरणं, तिथे टिकणं आणि टी-रेगच्या गराड्यात काम करणं अवघड. म्हणजे परत तोच प्रश्न.

पुढचा फॉरवर्ड आला की

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘अंडाशयाच्या कॅन्सरची लस आली’ अशी बातमी फिरली होती. प्रत्यक्षात ऑक्सफर्डमधल्या संशोधकांना प्रयोगशाळेतल्या कामासाठी ब्रिटनच्या एका कॅन्सर संस्थेने तीन वर्षांत मिळून ६ लाख पौंडांपर्यंत निधी दिला होता. काम चांगलं आहे, पण ‘आली’ आणि ‘शोधायला पैसे मिळाले’ यांत बराच फरक आहे.

म्हणून मी आता कुठलीही बातमी शेअर करण्याआधी चार गोष्टी बघतो. एक, कुठला कॅन्सर आणि कुठला टप्पा? दोन, प्रयोग बशीतल्या पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर? तीन, तुलना कशाशी केली? चार, नेमकं काय वाढलं: रक्तातला एखादा आकडा, की माणसाचं आयुष्य? दोन मिनिटं लागतात.

आणि काढे-चूर्णांबद्दल. मावशीच्या शेजारणीने प्रेमाने गुळवेलीचा रस सुरू करायला सांगितला होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद मोठा आहे, त्यात मी पडत नाही. पण केमो चालू असताना यकृतावर आधीच भार असतो, त्यामुळे घेताय ते सगळं डॉक्टरांना सांगा. लाजू नका, लपवू नका. मावशीने लपवलं होतं. मीच बोलून गेलो, मग ती माझ्यावर दोन दिवस रुसली होती.

मावशीला काय सांगितलं

डॉक्टरांकडे जाताना आम्ही तीन प्रश्न लिहून नेले. तिच्या गाठीची पीडी-एल-१ तपासणी झाली आहे का? नसेल तर ऑपरेशनच्या वेळचा जपून ठेवलेला नमुना त्यासाठी चालेल का? आणि हे औषध घेतलं तर, आणि नाही घेतलं तर, पुढचे महिने साधारण कसे असतील?

डॉक्टर म्हणाले, प्रश्न बरोबर आहेत. तपासणी झाली नव्हती. जुना नमुना पाठवलाय. तोवर दर आठवड्याची केमो सुरू झाली आहे. खूण सापडली तर खर्चाचं बोलायला परत बसायचं. नाही सापडली तर या औषधामागे पळायचं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बीआरसीए चाचणी तिची आधीच झाली होती आणि त्यात दोष नव्हता. असता, तर माझ्या आईलाही तपासून घ्यावं लागलं असतं. तुमच्या घरात कोणाला हा कॅन्सर झाला असेल तर हा प्रश्न नक्की विचारा. आणि आई, मावशी, काकू दोन-तीन आठवडे रोजच पोट फुगल्याची तक्रार करत असेल, तर तिला मेडिकलमधून गोळी आणून देऊ नका, डॉक्टरकडे घेऊन जा.

त्या रात्री मी मावशीला व्हॉइस नोट पाठवली. म्हटलं, ‘मावशी, तो मेसेज खोटा आहे. इम्युनिटी वाढवायचं औषध नाही आलेलं. तुझ्या शरीराने माणसं पाठवलीच असतील, तुझ्यात काही कमी नाहीये. ती आत पोचलीत का आणि कोणी अडवलंय का, ते बघायचंय. त्यासाठीच नमुना पाठवलाय.’

बऱ्याच वेळाने निळी टिक झाली. मग उत्तर आलं. ‘बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकलं, मी नीट खाल्लं-प्यायलं नाही म्हणून इम्युनिटी कमी पडली.’

दोन वर्षं ती हे मनात धरून बसली होती. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्या प्रत्येक फॉरवर्डने तिला हेच ऐकवलं होतं, आणि त्यांतले दोन-चार तर मीच पाठवले होते.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल.